सुधारले, उतरले, आहे तसे

आमच्या दुकानात दोन काटे होते. एक दारातल्या कडीला टांगलेला तराजू, किलो-पाच किलोच्या मालासाठी. दुसरा ओट्यावरचा, पोती तोलायचा लोखंडी काटा. त्याच्या फळीवर पेंडीचं पोतं ठेवायचं आणि दांडीवरचा गोळा सरकवत न्यायचा. दांडी हळूहळू आडवी व्हायची, जराशी थरथरायची आणि थांबायची. ती थांबली की मी आकडा मोठ्याने वाचायचा, हे माझं काम. तराजूची लोखंडी मापं भिंतीजवळच्या फळीत खाचा पाडून ठेवलेली असत. पाचाचं, दोनाचं, एकाचं, अर्ध्याचं, अशी उतरत. दिवेलागणीला ती सगळी जागेवर आहेत का हे बघणं, हेही माझंच काम. मला कामं अशी नेमून दिलेली आवडत. आजही आवडतात. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराआड अजून एक यादी लटकलेली असते आणि सुना तिला हसतात, पण गॅस संपायच्या आधी दुसरं सिलेंडर आमच्याच घरी आलेलं असतं.

दुकान बेल्ह्यात, बाजाराच्या रस्त्याला. आमचं जैन घराणं मूळचं राजस्थानातलं, एवढं इथे पुरे. माझ्या पिढीला तिकडची भाषा लग्नातल्या गाण्यांपुरतीच येत होती. वडलांना आम्ही दादा म्हणायचो, गाव शेठ म्हणायचं. सरकीची पेंड, भुसा, बाजरी, गहू असा माल. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटेपासून टेंपो लागायचे, मग बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज, हेड्यांची, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यांची ओरड, आणि त्या सगळ्यावर आमच्या दारातल्या मापांचा खणखणाट. लिंबाजी नावाचा हमाल आमच्याकडे होता. तो पार पश्चिमेकडचा, डोंगरातला. भात-नाचणीची कामं उरकली की खाली यायचा आणि पाऊस जवळ आला की परत जायचा. एवढासा माणूस, पण पोतं पाठीवर घेतलं की त्याच्याकडे बघत राहावं.

वहीची सुरुवात हैबतआण्णामुळे झाली. हा बैलांचा दलाल. पेंडीचं पोतं तोलून झालं तसा तो स्वतःच फळीवर चढला आणि मला म्हणाला, "बघ गं पोरी, ह्यो बैल किती भरतोय." मी गोळा सरकवला आणि अडुसष्ट म्हणून सांगितलं. सांगितलेला आकडा लिहून ठेवायची मला सवय, म्हणून शाळेच्या जुन्या वहीत लिहिला. महिन्याभराने तो पुन्हा चढला आणि विचारता झाला, "मागल्या टायमाला किती व्हतं?"

"अडुसष्ट. आज सत्तर."

"म्हंजी सुधारलो की राव." त्याने छाती काढली आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठच्या काट्यावर सुधारलो."

त्या दिवसापासून ओट्यावर रांग लागायला लागली. मी वहीला रकाने आखले. नाव, गाव, वजन आणि शेवटी शेरा. शेऱ्याचे शब्द मी तीनच ठरवले, कारण लोकांच्या तोंडी तेवढेच होते. सुधारले, उतरले, आहे तसे. कोणी मला विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. मी तेव्हा पाचवीत होते. हैबतआण्णाने माझं नाव तलाठीणबाई ठेवलं आणि ते बाजारभर झालं.

आता वाटतं, त्या शेऱ्याच्या रकान्याइतकं वजन गावात दुसऱ्या कशालाच नव्हतं. डिंगोऱ्याच्या धोंडिबांनी बेल्ह्यात लेक दिली होती, सुमन तिचं नाव. लग्नानंतर पहिल्यांदा ते बाजाराला आले तेव्हा लेकीला घेऊन थेट काट्यावर आले. मागोमाग तिची सासू.

"लगीन झालं तवा पन्नास व्हती," धोंडिबा म्हणाले. "आता बघ."

मी बघितलं. "सेहेचाळीस."

"ऐकलं का विहीणबाई? चार किलो पोरगी कुटं ठिवली तुमी?"

"तुमच्या लेकीलाच इचारा पावणं," सासू म्हणाली. "भाकरी वाढली की हात आडवा करती. आमच्या घरात काय टोपली झाकून ठिवतोय व्हय?"

मी शेरा लिहिला, उतरली. सासूने तो शब्द वाचता येत नसतानाही बोटाने दाबून बघितला. पुढच्या महिन्यात ती स्वतःहून सुनेला घेऊन आली. अठ्ठेचाळीस भरलं. "लिही सुधारली, आन् डिंगोऱ्याचं पावणं आलं की दाव," असं बजावून ती पेंड बघायला वळली. तेवढ्यात सुमन माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, लुगडं जाड हाये आजचं. आन् येताना तांब्याभर पानी पाजलंय." आम्ही दोघी हसलो. काट्याला फसवता येतं हे मला त्या दिवशी कळलं. ते कुठवर जाऊ शकतं हे कळायला चार-पाच वर्षं लागली.

सुधारणं हा शब्द खोटा होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच वहीत एक बाई होत्या, त्यांना क्षय झालेला. वर्षभर औषध चाललं होतं. दर महिन्याला त्या किलो-अर्धा किलोने चढत होत्या आणि मी सुधारली लिहिलं की डोळे पुसत होत्या. लिंबाजी भात कापून खाली यायचा तेव्हा त्याच्या गालांची हाडं दिसायची आणि काटा पंचेचाळीसवर थांबायचा. दोन महिने आईच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या की पन्नास. तिथे सुधारला हाच शब्द बरोबर होता. उपाशी आणि आजारी माणसांनी तो शब्द घडवला होता, आणि मी तो सगळ्यांना एकाच मापाने वाटत होते.

ती वही आज माझ्यासमोर उघडी आहे. वाळवीने दोन कोपरे खाल्लेत, बाकी शाबूत आहे. लोक मला सांगतात, हल्ली माणसं आळशी झाली, जिभेला लगाम राहिला नाही, म्हणून सुटली. माझी वही तसं म्हणत नाही. तिच्यात एका मळ्यातली नऊ माणसं आहेत. दोन वर्षं सगळ्यांपुढे आहे तसे, आहे तसे. मग तिसऱ्या वर्षी एकाच हंगामात नऊच्या नऊ सुधारले. नऊ माणसं एकाच महिन्यात ठरवून आळशी होत नाहीत. झालं होतं असं की मळ्यापर्यंत रस्ता गेला, विहिरीवर मोटर बसली आणि घरापाशी पीठगिरणी आली. म्हणजे चालणं, पाणी शेंदणं आणि दळणाचं ओझं वाहणं, तिन्ही एका वर्षात संपली आणि भाकरी तेवढीच राहिली. पुढे रेशनवर पामतेल आलं, चहात साखर वाढली, बाजरीच्या जागी गव्हाची चपाती आली, कारण ती पाहुण्यांचं खाणं. प्रत्येक गोष्ट हवीशीच होती. डोक्यावरचा हंडा परत घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. मी फक्त एवढं सांगते की आकडा माणसाच्या स्वभावावरून चढत नाही, त्याच्या दिवसावरून चढतो. दिवस कसा गेला ते विचारा, वजन आपोआप कळतं.

हे मी घरातच बघितलं. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. आई चारच्या सुमाराला चूल पेटवायची आणि तव्यावर फुलके पडायला लागले की त्यांचा वास पेंडीच्या वासावर मात करून दुकानात यायचा. मुगाची डाळ, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी, भाजलेला पापड, वाटीभर ताक. ताटं वाढली की आई पळीने तांब्यावर दोनदा वाजवायची. तो आवाज आला की दादा हातातलं माप खाली ठेवून उठायचे, समोर गिऱ्हाईक कोणी का असेना. "पावणं, बसा, मी जेवून आलो," एवढंच म्हणायचे. सकाळी ते सायकलवर आसपासच्या वाड्यांना जायचे, कोणाला किती पेंड लागणार ते विचारून दुपारी परतायचे. वहीत पहिल्या पानावर दादांचं वजन एकसष्ट आहे.

मग दुकान वाढलं. सायकल गेली, स्कूटर आली. वर्षाभरात स्कूटरही कोपऱ्यात गेली, कारण आता गिऱ्हाईकच दुकानात येत होतं आणि दादांना गादीवरून उठायची गरज राहिली नाही. आलेल्या प्रत्येकाबरोबर चहा, चहाबरोबर शेव नाहीतर बाजारातली जिलबी. संध्याकाळी पळी वाजायची, आणि दादा आतल्या दिशेने हात हलवून म्हणायचे, "पाच मिनिटं." पाच मिनिटांचं दिवेलागण व्हायचं, मग त्याहून उशीर. आई आपलं ताट वेळेवर वाढून घ्यायची, जेवायची आणि नंतर त्यांना वाढायला बसायची. कधी बोलायची, "सूर्य तुमच्यासाठी थांबायचा न्हाई." दादा म्हणायचे, "सूर्याला दुकान नाही चालवायचं." पण पळी वाजवायची एकही संध्याकाळ आईने चुकवली नाही.

एकसष्टचे अडुसष्ट झाले, अडुसष्टचे पंच्याहत्तर, आणि मी नववी संपवली तेव्हा त्र्याऐंशी. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला दादा सगळ्यांसमोर काट्यावर चढत. तो एक छोटा समारंभच असे. मी गोळा सरकवायची, आकडा वाचायची, आणि हैबतआण्णा ओरडायचा, "सुधारलं शेठ. म्हंजी दुकान झ्याक चाललंय." दादा हसून चहा सांगायचे. त्यांच्या नावापुढे माझ्या सुंदर अक्षरात सुधारले, सुधारले, सुधारले, एकाखाली एक. मला त्या पानाचा अभिमान होता.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर काटा उलटा चालायला लागला. दादा जेवत तर पूर्वीपेक्षा जास्त होते. पाणी तांबेच्या तांबे पीत होते, तरी दुपारी गादीवर बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. महिन्याच्या बाजाराला ते चढले आणि दांडी एक्क्याऐंशीवर थांबली. मी आकडा वाचला आणि शेरा लिहिला, उतरले.

हैबतआण्णा ओट्यावरच होता. "आरं तिच्या, शेठ वाळायला लागलं," तो म्हणाला. "पेंड खपंना का काय राव?"

लोक हसले. दादाही हसले, पण त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला नाही. संध्याकाळी मी मापं मोजत होते तेव्हा ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कांचन, माझ्यापुढे तो शब्द लिहू नको. उतरलेल्या दुकानदाराकडे कोण येतं? लोक म्हणतील आतून काहीतरी पोखरलंय."

मी म्हणाले, "दादा, काट्यावर जे येईल ते मी लिहिणार."

"काट्यावर जे येईल ते लिही," दादा म्हणाले. "तेवढंच लिही."

पुढच्या महिन्यात दांडी बरोबर एक्क्याऐंशीवर थांबली. आहे तसे. मला बरं वाटलं. पण दुकानात लिंबाजी तूरडाळ तोलत होता आणि फळीपाशी शोधाशोध करत होता. "ताई, दोनाचं माप कुटं गेलं वो?" मलाही सापडेना. संध्याकाळी मोजलं तेव्हा ते जागेवर होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा एक्क्याऐंशी, आणि या वेळी खाचेत पाचाचं नव्हतं. दादा काट्यावरून उतरून आत गेले, बाहेर आले, आणि माप खाचेत परत आलं होतं. सदऱ्याखाली कमरेला उपरणं गुंडाळलेलं, त्याची गाठ मला दिसली. ज्यांच्या मापात गुंजेचा फरक निघत नाही असं चार गावं सांगायची, ते माझे वडील स्वतःच्याच काट्याला फसवत होते, आणि तेही जड दिसण्यासाठी.

मी वही उघडली. शाईने लिहिलं, एक्क्याऐंशी, आहे तसे. आणि वहीच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलने लिहिलं, शहात्तर. त्याच्यावर मागच्या महिन्याचे दोन वजा करून, एकोणऐंशी. चुकीचा आकडा वहीत एकटा राहिला की मला झोप लागत नाही, तेव्हाही लागत नसे. त्यापलीकडे माझा काही हेतू होता असं मी आज म्हटलं तर ती बढाई होईल.

त्याच्या पुढच्या बाजाराला गाठ सुटली. दादा फळीवर चढले, मी सत्त्याहत्तर वाचलं, ते उतरायला लागले, आणि सदऱ्याखालून पाचाचं माप निसटून उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. ओट्यावर खणखणीत आवाज झाला. सगळे वळले. दादांनी क्षणभर खाली बघितलं आणि मग हमालाकडे वळून म्हणाले, "लिंबाजी, मापं कुठेही टाकतोस. नीट ठेवायला काय होतं?"

लिंबाजी तेव्हा दहा पावलं लांब, पाठीवर पोतं घेऊन उभा होता. त्याने पोतं खाली ठेवलं, येऊन माप उचललं, पंच्याने पुसलं. "चुकलं शेठ," म्हणाला, आणि माप खाचेत ठेवलं.

अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि कडेने रक्त येत होतं. आईने हळद दाबली. दादा म्हणाले, "काही नाही, दुखतसुद्धा नाही." तेच पुढचे वीस दिवस म्हणत राहिले. जखम सुकेना. आधी पिवळी झाली, मग कडा काळ्या झाल्या, मग घरात सगळ्यांना वास यायला लागला आणि दादांनाच येत नव्हता. ते पायाला फडकं गुंडाळून गादीवर बसत आणि गिऱ्हाइकांना सांगत, दुखतच नाही बघा. ही त्यांना कौतुकाची गोष्ट वाटत होती. शेवटी एका सकाळी आईने टेंपो बोलावला आणि मला म्हणाली, "आळेफाट्याला जायचंय. डॉक्टर सगळं विचारतात. तुझी वही घे." तिला किती माहीत होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आळेफाट्याच्या त्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फडकं सोडलं, अंगठ्याला सुईचं टोक लावलं आणि विचारलं, "लागतं का?"

"नाही," दादा म्हणाले. "दुखतच नाही."

"शेठ, दुखत नाही हीच तर तक्रार आहे." मग तहान, लघवी, झोप असं एकेक विचारत गेल्या. "वजन कमी झालंय?"

"नाही," दादा म्हणाले. "जरा इकडेतिकडे. पोरगी लिहिते ना, वहीच आणली आहे." आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले.

मी वही मांडीवर धरून बसले होते. पुढून उघडली तर दादांचा शब्द राहत होता. मागून उघडली तर जात होता. त्या अंगठ्याचा वास अख्ख्या खोलीत भरला होता आणि मला वाटतं त्या वासानेच ठरवलं. मी वही मागून उघडली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "पुढे शाईने लिहिलंय ते लोकांसाठी आहे," मी म्हणाले. "हे खरं आहे."

त्यांनी दोन्ही पानं ताडून बघितली. "पाच किलोचा फरक कसला?"

"मापाचा," मी म्हणाले.

त्यांना कळेना. तेव्हा दादाच बोलले, भिंतीकडे बघतच. "कमरेला बांधत होतो बाई. लोक म्हणायला लागले, शेठ उतरले."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ऐंशीच्या वर होतात, आता बहात्तर," त्या म्हणाल्या. "साखर आहे, आणि ती आजची नाही. अंग सुटत होतं तेव्हापासूनची असेल. ही पेन्सिल दोन महिने आधी आली असती तर अंगठा राहिला असता. आता अंगठा जाईल. तुम्ही ऐकलंत तर पाय राहील." मग त्यांनी वहीची पुढची पानं उलटली. सुधारले, सुधारले, सुधारले. "हे कोणी ठरवलं?" त्यांनी मला विचारलं.

"काट्याने," मी म्हणाले.

"काटा आकडा सांगतो. शेरा तू लिहिलास." त्यांनी वही माझ्या हातात दिली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं.

दादा पंचवीस दिवस दवाखान्यात होते. अंगठा गेला. पाय राहील की नाही हे पहिले बारा दिवस कोणी सांगेना. आई रोज डबा घेऊन टेंपोने जायची आणि येताना जखमेचा रंग मला सांगायची. मी तो लिहून ठेवायचे. काळा, काळा, तपकिरी, तपकिरी, लाल. लाल शब्द ज्या दिवशी आला त्या दिवशी आई दारात बसून रडली, आणि मग उठून तिने चूल पेटवली. घरी आणताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, साखरेचा चहा बंद, रोज चालायचं, जेवण वेळेवर आणि हलकं.

"वेळेवर म्हणजे दिवस मावळायच्या आत का?" आईने विचारलं.

"वेळेवर म्हणजे रोज एका वेळेला," मी म्हणाले.

"तेच ते," आई म्हणाली.

हल्ली आमच्याकडे आरोग्य शिबिर असतं, तेव्हा वजनाच्या टेबलावर मी बसते. चपटा, आकडे उजळणारा काटा असतो आता. लिंबाजीचा नातू येतो, मोटारसायकलवरून दारापर्यंत, चौऱ्याऐंशी भरतो आणि लाजतो. माझ्या भाच्या एकमेकींना उतरलीस गं म्हणतात आणि ते कौतुक असतं. शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलून बसले आहेत, आणि दोन्ही वेळा माणसाला त्यांची भीतीच वाटते. माझ्या यादीत शेऱ्याचा रकाना नाही. त्या जागी मी लिहिलंय, गेल्या वर्षात काय बदललं. लोक आधी म्हणतात काही नाही. मग सांगायला लागतात. कामाची पाळी बदलली, बस दारात येते, दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, पोरांच्या डब्यात बिस्किटांचा पुडा देते. तिथून पुढचं बोलणं सोपं जातं. एकदा दिवस कळला की त्यातली एक गोष्ट बदलता येते.

दवाखान्यानंतर दादा दुकानात परत आले तो बाजाराचाच दिवस होता. काठी टेकत ओट्यावर आले तेव्हा माणसं बाजूला सरली. हैबतआण्णाने गादी झटकून दिली. दादा बसले नाहीत. त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले, कमरेवरून हात फिरवून दाखवला आणि काट्याच्या फळीवर चढले. "लिंबाजी," त्यांनी हाक मारली. लिंबाजी पोती लावत होता, तो पुढे आला. "त्या दिवशी पडलं ते माप तुझ्या हातचं नव्हतं. माझ्या कमरेचं होतं. तू उगाच चुकलं म्हणालास."

लिंबाजी पायाकडे बघत म्हणाला, "ठाव व्हतं शेठ."

मी गोळा सरकवला. दांडी थरथरली आणि थांबली. "एकोणसत्तर."

"अंगठा गेला तेवढा वजा धरायचा का, तलाठीणबाई?" दादांनी विचारलं. कोणी हसलं नाही, तसे ते स्वतःच हसले, आणि मग हैबतआण्णा हसला, मग सगळा ओटा. हसणं थांबल्यावर दादा म्हणाले, "शेरा लिही. मोठ्याने वाच."

मी लिहिलं आणि वाचलं. "उतरले."

"ऐकलं ना सगळ्यांनी? पेंड तीच आहे, काटा तोच आहे. माणूस उतरलाय."

तेवढ्यात आतून पळी तांब्यावर वाजली, दोनदा. ऊन अजून समोरच्या पत्र्यावर होतं. ओट्यावर सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती, दोन टेंपो भरायचे होते. दादा काठीवर भार देऊन फळीवरून उतरले. "पावणं, बसा," ते म्हणाले, "मी जेवून आलो." आणि एकेक पाऊल मोजून टाकत आत गेले.

वारा सुटला होता. शाई ओली होती आणि पान फडफडत होतं. लिंबाजीने खाचेतून पाचाचं माप काढलं आणि वहीच्या कडेवर, ओल्या अक्षराला धक्का लागणार नाही असं, अलगद ठेवलं.